‘चूक’ एवढंच कळतं तेव्हा

गडचिरोली जिल्ह्यातल्या काही तेंदू संकलन केंद्रांवर हंगामात किती गोण्या जमा झाल्या, त्याचे आकडे दिले आहेत. महाराष्ट्रात 70 पानांचा एक पुडा आणि 1,000 पुड्यांची एक प्रमाण गोणी धरतात. सगळ्या केंद्रांवर मिळून एकूण पानं किती? नमुन्यादाखल तीन केंद्रं दिली आहेत: 120, 85 आणि 240 गोण्या. उत्तर 3,11,50,000.

हा प्रश्न मी या प्रकरणासाठी रचला आहे, पण ऑनलाइन कोडिंग स्पर्धांमधला पहिला प्रश्न साधारण याच चालीचा असतो. बेरीज करा, 70,000 ने गुणा, छापा. प्रोग्राम लिहायला पाच मिनिटं पुरतात. नमुन्याचं उत्तर तंतोतंत जुळतं. आपण तो स्पर्धेच्या संकेतस्थळावर सबमिट करतो आणि काही क्षणांत निकाल येतो: राँग आन्सर, टेस्ट दोन.

टेस्ट दोनमध्ये काय होतं, हे जज सांगत नाही. उत्तर किती यायला हवं होतं आणि आपलं किती आलं, हेही बहुतेक स्पर्धांमध्ये सांगत नाही. ‘जज’ म्हणजे इथे माणूस नव्हे. तो एक प्रोग्राम असतो. आपला कोड घेतो, आधीपासून तयार ठेवलेल्या टेस्टवर चालवतो, उत्तरं ताडून बघतो आणि दोन-तीन शब्दांत निकाल देतो. त्या दोन-तीन शब्दांवरून चूक कशी हुडकायची, हा या प्रकरणाचा विषय आहे.

तेंदूच्या प्रश्नात चूक कुठे आहे ते आधी बघू. सी++ किंवा जावामध्ये ‘इंट’ या साध्या प्रकारात संख्या 32 बिटांत मावावी लागते. त्यातली सर्वांत मोठी संख्या 2,14,74,83,647, म्हणजे 214 कोटी 74 लाख 83 हजार 647. एका गोणीत 70,000 पानं. आता कागदावर भागाकार करा: 30,678 गोण्यांची पानं होतात 214 कोटी 74 लाख 60 हजार. ही संख्या इंटमध्ये मावते. आणखी एकच गोणी वाढवा. 30,679 गोण्यांची पानं 214 कोटी 75 लाख 30 हजार होतात. ही मर्यादेपलीकडे गेली. जावामध्ये उत्तर येईल उणे 214 कोटी 74 लाख 37 हजार 296, आणि सी++मध्येही बहुतेक वेळा हेच दिसेल.

उणे पानं दिसली तर निदान डोळे उघडतात. खरा धोका पुढे आहे. गोण्या 65,000 असतील तर पानं 455 कोटी व्हायला हवीत. प्रोग्राम छापतो 25,50,32,704. संख्या धन आहे, मोठी आहे, बघणाऱ्याला पटण्याजोगी आहे आणि साफ चुकीची आहे. कोणताही इशारा नाही, प्रोग्राम बंद पडत नाही. उपाय म्हणून 64 बिटांचा ‘लाँग लाँग’ वापरायचा, हे पहिल्या वर्षाच्या मुलांनाही ठाऊक असतं. तरी अनेकजण उत्तराचा चल लाँग लाँग करतात आणि गोण्यांची बेरीज इंटमध्येच ठेवतात. मग इंट गुणिले इंट हा गुणाकार इंटमध्येच होतो, तिथेच बिघडतो आणि बिघडलेली संख्या मोठ्या चलात जाऊन बसते. कोडवर नजर टाकली तर ‘लाँग लाँग’ हे शब्द दिसतात, म्हणून संशय त्या ओळीवरून उठतो. खरं तर चूक त्याच ओळीत असते.

ही नवशिक्यांचीच चूक आहे असं कुणी समजू नये. 4 जून 1996 रोजी युरोपचं एरियान 5 हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं, कारण 64 बिटांची एक अपूर्णांकी संख्या 16 बिटांच्या पूर्णांकात बसवताना मावली नाही. क्रमवार यादीत मध्यावर बघून अर्धी यादी सोडून देत जाणारी ‘बायनरी सर्च’ ही रीत 1946 साली छापून आली. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी नोंदवलं आहे की, तिचं पहिलं निर्दोष छापील रूप यायला 1962 उजाडलं. जॉन बेंटली यांनी आपल्या पुस्तकात ती बरोबर असल्याचं सिद्ध करून दाखवलं. त्याच धर्तीवरचा कोड जावाच्या अधिकृत ग्रंथालयात गेला, आणि 2006 साली जोशुआ ब्लॉक यांनी जाहीर केलं की त्यात सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती. मध्य काढताना डावं टोक अधिक उजवं टोक भागिले दोन असं लिहिलं होतं. यादी शंभर कोटींच्या पुढे गेली की ती बेरीज इंटमध्ये मावत नाही. सिद्धतेतलं गणित बरोबरच होतं, पण त्या गणितातल्या पूर्णांकांना मर्यादा नव्हती आणि यंत्रातल्या पूर्णांकांना ती असते.

या गोष्टीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. जी गोष्ट लिहिणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने दोघांनीही न बोलता धरून चालली होती, नेमकी तिथेच चूक होती.

आता या स्पर्धांविषयी थोडं. आयसीपीसी ही महाविद्यालयीन संघांची जगातली जुनी स्पर्धा. तिची पहिली अंतिम फेरी 1977 साली झाली. तिघांचा संघ, पाच तास आणि तिघांत मिळून एकच संगणक. सुटलेल्या प्रश्नावर आधी जितकी चुकीची उत्तरं पाठवली असतील, त्या प्रत्येकामागे 20 मिनिटांचा दंड लागतो. भारतात ऑनलाइन स्पर्धांची गोडी लावण्यात 2009 साली मुंबईच्या डायरेक्टाय कंपनीने सुरू केलेल्या कोडशेफचा मोठा वाटा आहे. साधारण त्याच सुमारास रशियातल्या साराटोव्ह शहरातून माइक मिर्झायानोव्ह यांनी कोडफोर्सेस उभं केलं. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 पासून आहे. गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ 2011 साली आलं. चंद्रपूरच्या वसतिगृहात लॅपटॉप उघडून बसलेला मुलगा मुंबई, साराटोव्ह किंवा शांघायच्या मुलासमोर असलेला तोच प्रश्न, त्याच क्षणी सोडवत असतो. फरक पडतो तो मधेच जाणाऱ्या विजेचा आणि नेटवर्कचा. पावसाळ्यात एटापल्ली-अहेरीकडे गावी गेलेल्या विद्यार्थ्याला हा फरक मी सांगायला नको.

म्हणूनच आयसीपीसीतली एक सवय मला इथल्या मुलांसाठी विशेष मोलाची वाटते. संगणक एकच असल्यामुळे तिथे राँग आन्सर आला की अनुभवी संघ कोड कागदावर छापून घेतो, खुर्ची दुसऱ्याला देतो आणि चूक कागदावर शोधतो. प्रत्येक ओळीपुढे चलांच्या किमती लिहीत जायच्या. इकडे याला ‘ड्राय रन’ म्हणतात आणि परीक्षेपुरतं करून सोडून देतात. नेट नसतानाही होऊ शकणारं हे काम आहे. कुठे एक मिळवून किंवा वजा करून बघ, ‘<’ च्या जागी ‘<=’ टाकून बघ, पुन्हा पाठव, असं अंदाजाने ठोकत बसण्यापेक्षा कितीतरी लवकर ते चुकीपर्यंत पोहोचवतं.

पण कागदावर कोणतं उदाहरण घ्यायचं? नमुन्याचं उदाहरण बरोबरच येतं, ते घेऊन उपयोग नाही. कोडफोर्सेसवर स्पर्धा संपल्यावर टेस्ट बघता येतात, पण त्या लांब असतील तर थोड्या दाखवून पुढे तीन टिंबं येतात. दोन लाख आकड्यांची टेस्ट दिसली तरी कागदावर कोण करणार? तेव्हा आपल्यालाच असं उदाहरण शोधायचं असतं की ज्यावर कोड चुकतो आणि जे शक्य तितकं लहान आहे. ते सापडलं की काम जवळजवळ झालंच म्हणा. ते सापडेपर्यंत कोडला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

कसं शोधायचं, ते एका जरा मोठ्या प्रश्नावर बघू. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या भेटतात. कित्येक पावसाळ्यांत पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढलं की हेमलकशाकडून भामरागडात जाणारी वाट बंद होते आणि पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. यावरून प्रश्न असा: n गावं आहेत, 1 पासून n पर्यंत क्रमांक दिलेली. m रस्ते आहेत, प्रत्येक रस्ता दोन गावं जोडतो. पुराच्या q बातम्या एकामागून एक येतात, प्रत्येक बातमीत एका रस्त्याचा क्रमांक असतो आणि तो रस्ता बंद झाला असं कळतं. प्रत्येक बातमीनंतर गाव 1 पासून, ते स्वतः धरून, किती गावांपर्यंत पोहोचता येतं? n, m आणि q प्रत्येकी दोन लाखांपर्यंत. वेळ दोन सेकंद.

सरळ रीत अशी: प्रत्येक बातमीनंतर गाव 1 पासून निघायचं, उघड्या रस्त्यांनी फिरायचं, गावं मोजायची. पण एका फेरीत चार लाख पावलं आणि अशा दोन लाख फेऱ्या, म्हणजे 8,000 कोटी पावलं. साध्या संगणकावर सेकंदाला दहा-वीस कोटी साधी पावलं धरली तरी हे काही मिनिटांचं काम झालं. निकाल येईल टीएलई, वेळ संपली.

जाणकार इथे काळ उलटा फिरवतात. बातम्यांतले सगळे रस्ते बंद असलेल्या शेवटच्या स्थितीपासून सुरुवात करायची आणि बातम्या उलट क्रमाने वाचत एकेक रस्ता उघडत जायचा. रस्ता तोडताना गट कसे फुटतात हे ठरवणं अवघड असतं. जोडणं मात्र सोपं, त्यासाठी ‘युनियन-फाइंड’ नावाची सुरेख रचना आहे: प्रत्येक गावाला गटाचा प्रमुख माहीत असतो, रस्ता जोडला की दोन गटांचा प्रमुख एकच होतो आणि गावांची संख्या मिळवली जाते. उलट फिरताना आधी गाव 1 च्या गटातली संख्या लिहून ठेवायची, मग त्या बातमीतला रस्ता उघडायचा. शेवटी लिहिलेली उत्तरं उलटून छापायची. सगळं काही सेकंदाच्या आत.

समजा, हा कोड लिहिला, नमुना जुळला आणि राँग आन्सर आला. आता मघाची ती 8,000 कोटी पावलांची सरळ रीत कामाला येते. ती हळू आहे, पण बरोबर आहे, आणि पंधरा-वीस ओळींत लिहून होते. तिसरा एक छोटा प्रोग्राम लिहायचा, जो यदृच्छेने लहान लहान टेस्ट बनवेल: तीन गावं, तीन रस्ते, दोन बातम्या. मग एकच टेस्ट दोन्ही प्रोग्रामना द्यायची आणि उत्तरं वेगळी येईपर्यंत हे चालू ठेवायचं. याला ‘स्ट्रेस टेस्टिंग’ म्हणतात. टेस्ट मोठी ठेवायचा मोह होतो, तो टाळावा. दोन-तीन गावांच्या टेस्टमध्ये जवळजवळ सगळे विचित्र योग येऊन जातात, आणि जे सापडेल ते कागदावर मावतं.

आपण हे चालू करतो. हजारो टेस्ट होतात, लाखो होतात. दोन्ही प्रोग्राम प्रत्येक वेळी एकच उत्तर देतात. जज मात्र अजूनही चूकच म्हणतो.

अशा वेळी बरेचजण जजच्या टेस्टवर संशय घेतात. तो क्वचितच खरा निघतो. टेस्ट बनवणारा तो छोटा प्रोग्राम उघडून बघा. त्यात बातम्यांसाठी रस्ते निवडताना 1 ते m चे क्रमांक पिसून पहिले q घेतले आहेत. म्हणजे एक रस्ता एकदाच बंद होतो. प्रश्नात असं कुठे म्हटलं होतं? कुठेच नाही. ‘प्रत्येक बातमीत एका रस्त्याचा क्रमांक असतो’ एवढंच म्हटलं होतं. एकाच रस्त्याची बातमी दोनदा येऊ शकते, आणि खऱ्या पुरात ती येतेच. एक बातमी तलाठी कळवतो, दुसरी एसटीचा चालक.

आता लहानात लहान उदाहरण घ्या. दोन गावं, त्यांना जोडणारा एक रस्ता, दोन बातम्या: रस्ता 1 बंद, रस्ता 1 बंद. बरोबर उत्तर उघड आहे, 1 आणि 1. आपला कोड उलटा चालवू. शेवटच्या स्थितीत रस्ता बंद, गाव 1 एकटं. दुसऱ्या बातमीसाठी लिहिलं 1. मग दुसऱ्या बातमीतला रस्ता उघडला. दोन्ही गावं एका गटात. पहिल्या बातमीसाठी लिहिलं 2. उलटून छापलं: 2, 1. एकमेव रस्ता बंद झाल्यावरही दोन गावं जोडलेली, असं आपला प्रोग्राम म्हणतो आहे. चूक समोर आली. रस्ता उघडायचा तो त्याच्या पहिल्या बातमीपाशी पोहोचल्यावर, दुसऱ्या बातमीपाशी नव्हे. प्रत्येक रस्त्याची पहिली बातमी कितवी होती हे आधी एकदा नोंदवून ठेवलं की दुरुस्ती दोन ओळींची.

लाखो टेस्टमध्ये ही चूक दिसली नाही, याचं कारण नीट समजून घ्यायला हवं. कोड आणि टेस्ट दोन्ही एकाच डोक्यातून आले. एक रस्ता एकदाच बंद होणार, असं ते डोकं कळत-नकळत धरून चाललं होतं. कोड तसा लिहिला गेला आणि टेस्टही तशाच निघाल्या. अशा टेस्टने कोड कितीही वेळा तपासला तरी दोघं एकमेकांचीच साक्ष काढत राहतात. म्हणून टेस्ट बनवणारा प्रोग्राम कोड विसरून, प्रश्नाचा मजकूर समोर ठेवून लिहायचा असतो आणि मजकुराने जे जे मना केलेलं नाही ते ते सगळं त्याला करू द्यायचं असतं. गाव 1 एकटंच असू दे. एक रस्ता गावातून निघून त्याच गावात येऊ दे. दोन गावांमध्ये दोन रस्ते असू देत. एकही रस्ता नसू दे. संघात तिघे असतील तर ज्याने कोड लिहिला नाही त्याने, कोड न बघता, टेस्ट लिहाव्यात.

प्रश्न इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्या, किंवा घरी माडिया-गोंडी बोलणाऱ्या मुलांना तो वाचायला जरा जास्त वेळ लागतो, आणि स्पर्धेच्या घाईत ती मुलं मजकूर सोडून नमुन्यावरून अर्थ लावतात. हे फार महागात पडतं. नमुन्यात फक्त सरळ परिस्थिती असते. प्रश्नाच्या अटी स्वतःच्या भाषेत, एका ओळीत एक अशा कागदावर उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येकीसमोर लिहावं: हे मजकुरात आहे की मी धरलं? दहा मिनिटं जातात. एका चुकीच्या सबमिशनच्या दंडाच्या निम्मीच.

बाकीचे निकाल त्यामानाने बोलके असतात. रनटाइम एरर आला तर बहुधा आपण यादीच्या बाहेर हात घातलेला असतो. गावं 1 ते n, आणि जागा मात्र 0 ते n-1 एवढीच ठेवलेली. किंवा एका रांगेत दोन लाख गावं असताना फंक्शन स्वतःलाच दोन लाख खोल हाक मारत गेलेलं असतं. एकाच फाइलमध्ये अनेक टेस्ट असतील आणि दुसरी टेस्ट चुकत असेल, तर पहिल्या टेस्टचा पसारा पुसला गेला का ते आधी बघावं. उत्तर 1,00,00,00,007 ने भागून बाकी द्या असं सांगितलं असेल, तर वजाबाकीनंतर सी++मध्ये बाकी उणे येऊ शकते, पायथनमध्ये येत नाही. म्हणून पायथनमधून सी++कडे वळलेली मुलं इथे अडतात. वर्ग काढायला ‘पाव’ हे फंक्शन वापरून उत्तर इंटमध्ये टाकलं, तर विंडोजवरच्या काही जुन्या कंपायलरवर पाचाचा वर्ग 24 येतो, कारण ते फंक्शन अपूर्णांकांत हिशोब करतं आणि 25 ला किंचित कमी पडतं. हे ठाऊक नसेल तर घरच्या यंत्रावर आणि जजवर वेगवेगळी उत्तरं का येतात, हे उमजतच नाही.

शाळकरी मुलांसाठी या कौशल्याचं एक फार चांगलं दार आहे. भारतीय संगणन ऑलिम्पियाडची पहिली पायरी, झोनल इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाड, अनेक वर्षं पेन आणि कागदावर झाली. प्रश्न संगणकशास्त्राचे, पण सोडवायचे हाताने: लहान आकड्यांची उदाहरणं दिलेली, प्रत्येकाचं उत्तर काढून लिहायचं. प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. तिचे जुने प्रश्न छापून धानोऱ्याच्या किंवा कोरचीच्या एखाद्या आश्रमशाळेत फळ्यावर घेता येतील, संगणक कक्ष कुलूपबंद असला तरी. लहान उदाहरण हाताने सोडवता येणं हीच तर पुढे चूक शोधणाऱ्याची मुख्य ताकद असते.

भामरागडच्या प्रश्नाकडे परत जाऊ, कारण तो अजून पुरता खरा झालेला नाही. पूर ओसरतो आणि रस्ते पुन्हा सुरू होतात. एकाच पावसाळ्यात पर्लकोटेचा पूल अनेकदा बंद होतो आणि उघडतो. बातम्यांमध्ये ‘बंद’ बरोबर ‘सुरू’ही आलं की काळ उलटा फिरवण्याची युक्ती कोसळते, कारण उलट दिशेनेही रस्ते तोडावे लागतात. मग प्रत्येक रस्ता कितव्या बातमीपासून कितव्या बातमीपर्यंत उघडा होता याचे पट्टे काढायचे, ते काळाच्या झाडावर टांगायचे आणि केलेली जोडणी परत सोडवता येईल असा युनियन-फाइंड वापरून ते झाड फिरायचं. कोड तिपटीने वाढतो, चुकांच्या जागाही वाढतात. सरळ रीतीच्या त्या हळू प्रोग्राममध्ये मात्र एकच ओळ वाढते: ‘सुरू’ आलं तर रस्त्यावरची बंदची खूण काढ. नव्या कोडची तपासणी त्याच्याशीच करायची.

पण ती एक ओळ लिहितानाच हात थांबायला हवा. रस्ता 1 दोनदा बंद कळवला आणि एकदाच सुरू कळवला, तर तो आता उघडा की बंद? मजकुरात उत्तर नसेल तर ते आपण ठरवायचं नसतं. स्पर्धेत ‘क्लॅरिफिकेशन’ मागण्याची सोय असते. प्रश्न रचणाऱ्यांना लिहून विचारता येतं. ‘प्रश्न नीट कळला नाही’ असं लिहिलं तर ‘मजकूर पुन्हा वाचा’ असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा असं लिहावं: दोन गावं, एक रस्ता, बातम्या बंद, बंद, सुरू, तिसऱ्या बातमीनंतर उत्तर 1 की 2?